विद्यार्थी मंडळाची सामाजिक न्यायाची बांधिलकी: कागदावरून कामकाजात कशी आणायची

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनीच चालवलेलं निसर्ग अभ्यास मंडळ आहे, साठेक सभासदांचं. परदेशी विद्यापीठातल्या एका विद्यार्थी संघटनेचा मसुदा समोर ठेवून त्यांनी 'सामाजिक न्याय आणि वंशभेदविरोधी बांधिलकी' असा बारा पानांचा कागद तयार केला आहे. हा पुरेसा आहे का, वंशभेदाचा कोकणाशी काय संबंध आणि अंमलबजावणीची सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलं आहे.

बारा पानं फार झाली, दोन करा. प्रत्येक वाक्य समोर धरून चार गोष्टी विचारा: हे कोण करणार, कधीपर्यंत, पैसे कुठून येणार, आणि झालं नाही तर जाब कोणी कोणाला विचारायचा. चारही उत्तरं नसतील तर वाक्य खोडा. 'आम्ही सर्वसमावेशक वातावरणासाठी कटिबद्ध आहोत' हे पहिल्याच फेरीत जाईल. 'सहलीच्या सात दिवस आधी खजिनदार गरजू सभासदांना प्रवासखर्च रोख देईल' हे राहील.

ठराव आणि अंमलबजावणी यांत किती अंतर पडतं हे बघायला परदेशी मसुद्याची गरज नाही, महाड पुरेसं आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या ठरवल्या. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. त्यानंतर 20 मार्च 1927 पर्यंत, म्हणजे बाबासाहेब आणि परिषदेला आलेली माणसं तळ्यावर जाईपर्यंत, त्या ठरावाच्या बळावर कोणी पाणी भरू शकलं नव्हतं. मग माणसं तळ्यावर गेली, मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मान्य करणारा उच्च न्यायालयाचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला.

मंडळाच्या कागदासाठी यातून दोन गोष्टी घ्या. अंमलबजावणीला माणूस नेमलेला नसेल तर खुलं केलेलं तळंही बंदच राहतं. दुसरी गोष्ट मसुदे लिहिणारे बहुतेक सगळे विसरतात: साध्या बहुमताने केलेला ठराव साध्या बहुमताने पुसताही येतो. म्हणून बांधिलकीची कलमं मंडळाच्या घटनेत घाला. ती बदलायची तर तीस दिवस आधी लेखी सूचना आणि सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश मतं लागतील, असं स्पष्ट लिहा. कार्यकारिणीच्या बैठकीत, गणपूर्ती जेमतेम असताना, एखादं कलम 'तूर्त स्थगित' करण्याची वाट ठेवू नका.

आता वंशभेदाचं. परदेशी मसुद्यात तो मध्यभागी असतो, कारण तिथला इतिहास गुलामगिरीचा आणि वसाहतींचा आहे. तो तसाच उचलला तर कोकणातला सभासद म्हणेल की हे आमच्याकडे नाहीच, आणि कागद मिटून ठेवेल. जातीचा भेद पहिल्या कलमात, नाव घेऊन लिहा. 'कोणत्याही प्रकारचा भेदभाव' या मोघम शब्दांत जात सगळ्यात आधी विरघळून जाते. संयुक्त राष्ट्रांचा वंशभेद निर्मूलनाचा करार 1965 चा आणि भारताने तो 1968 मध्ये स्वीकारला आहे. त्याच्या व्याख्येत वंश आणि वर्णाबरोबर कुळ हाही आधार आहे. जात त्यात बसते की नाही यावर सरकार आणि कराराची समिती यांचं एकमत नाही, पण तुमच्या मंडळाला तो वाद मिटवायचा नाही. दोन्ही लिहा आणि पुढे चला.

दोन्ही लिहिण्याचं कारण मात्र डोळ्यांसमोर आहे. आंब्याच्या बागा राखायला आणि मच्छीमारी बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं कोकणात येतात, कुटुंबासह राहतात, त्यांची मुलं इथल्या शाळांत शिकतात. त्यांतलं एखादं मूल कॉलेजात आलं की नाव काहीही असो, त्याला 'बहादूर' अशी हाक पडते. ईशान्य भारतातल्या विद्यार्थ्यांना 'चिनी' किंवा त्याहून वाईट काहीतरी ऐकावं लागतं. अरुणाचलच्या निडो तानियाचा 2014 च्या जानेवारीत दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. वंशावरून केलेला अपमान हा स्वतंत्र गुन्हा करावा, असं समितीने सुचवलं होतं. मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींची कुळकथा आफ्रिकेत सुरू होते. आपण किल्ल्याचा इतिहास कौतुकाने सांगतो आणि वर्गातल्या काळ्या मुलीला टोपणनाव ठेवतो. तेव्हा दुसऱ्या कलमात वंश, वर्ण, चेहरेपट्टी, प्रांत आणि राष्ट्रीयत्व लिहा. धर्म, लिंग, अपंगत्व, बोली तिसऱ्यात. तिथे जास्त पसारा नको.

मसुदा करण्याआधी पाहणी हवी, आणि इथेच मंडळं सर्वाधिक गडबड करतात. साठ सभासदांच्या मंडळात 'निनावी' फॉर्ममध्ये तालुका, वर्ग, लिंग आणि प्रवर्ग असे चार रकाने ठेवले की जवळपास प्रत्येक माणूस ओळखू येतो. मंडणगड, दुसरं वर्ष, मुलगी, अनुसूचित जमाती: एवढ्यावर नाव सांगायला कोणीही तयार होईल. म्हणून प्रवर्ग विचारायचा तर त्याची चिठ्ठी वेगळी, डबा वेगळा. अनुभवांच्या प्रश्नांना फक्त खुणा करायला सांगा, कारण अक्षर ओळखू येतं. ऑनलाइन फॉर्म असेल तर ईमेल नोंदवण्याचा पर्याय बंद ठेवा. ज्या गटात पाचपेक्षा कमी माणसं आहेत त्याचे आकडे जाहीर करू नका.

विचारायचं काय? भावना विचारण्याऐवजी घडलेलं विचारा. गेल्या वर्षभरात आडनाव किंवा 'कुठल्या वाडीतला' असं विचारून कोणी तुमची जात काढली का? (कोकणात वाडी विचारणं म्हणजे बऱ्याचदा जातच विचारणं. सभासदत्वाच्या अर्जावर वाडीचा रकाना असेल तर तो काढून टाका, गाव आणि पिनकोड पुरे.) खर्चामुळे किती सहली चुकल्या? शेवटची एसटी किती वाजता? घरून डबा आणल्यावर कोणी सोबत खायचं टाळलं का? बोलीवरून नक्कल झाली का? असे आठ-दहा प्रश्न भरपूर झाले.

पैशाकडे येऊ, कारण निम्मा भेदभाव तिथे कोणी शब्दही न उच्चारता होत असतो. धरा, वर्गणी सरसकट शंभर रुपये आहे आणि साठ जणांचे सहा हजार जमतात. 'ज्यांना शक्य नाही त्यांनी माफीचा अर्ज करावा' असं लिहिलं की कोणी अर्ज करत नाही, सभासदच होत नाही. त्याऐवजी शून्य, पन्नास आणि दीडशे असे तीन टप्पे ठेवा, ज्याने त्याने स्वतः निवडायचे, कारण विचारायचं नाही. समजा पंधरा जणांनी शून्य, पंचवीस जणांनी पन्नास आणि वीस जणांनी दीडशे घेतले, तर 4,250 रुपये जमतील. तूट 1,750 ची. ती कुठून भरायची हे त्याच सभेत ठरवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी शून्याचा टप्पा गुपचूप गायब होतो.

प्रवासखर्च आधी द्या. 'बिल आणा, मग पैसे मिळतील' ही पद्धत हिशेबाला सोयीची असली तरी ज्याच्या हातात दोनशे रुपये नाहीत त्याला ती बाहेरच ठेवते. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, तोवर उधारीवर काढणाऱ्या मुलांवर आणखी एक उधारी कशाला? मदत घेणाऱ्यांची यादी फक्त खजिनदार आणि एक शिक्षक यांच्याकडे असावी. हिशेबात नावांऐवजी क्रमांक टाका आणि यादी सभेत वाचू नका.

वेळेचंही तेच. पाचनंतरची सभा म्हणजे खाडीपलीकडच्या आणि आतल्या गावांतल्या मुलांना बंदी, कारण त्यांची शेवटची गाडी चुकते. मधल्या सुट्टीत पाऊण तासाची सभा घ्या, पण शुक्रवारी नको, जुम्म्याच्या नमाजाची वेळ असते. रमजानमध्ये दुपारची लांब पायपीट ठेवू नका. लावणीच्या दिवसांत शेतकरी घरांतली मुलं गैरहजर असतात, त्या सभांत निवडणूक किंवा घटनाबदल घेऊ नका. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टी आणि कोळसाभट्टीच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्यातला विद्यार्थी सभासद व्हावा असं वाटत असेल तर नोंदणी फक्त जुलै-ऑगस्टपुरती न ठेवता वर्षभर चालू ठेवा.

गॅदरिंग हा स्वतंत्र विषय आहे. फिशपॉन्डची निनावी चिठ्ठी म्हणजे वर्षभर तोंडावर न बोललेली जात, रंग आणि अंगकाठी माइकवरून ऐकवण्याची परवानगी. ते ठेवायचेच असतील तर तीन जणांनी आदल्या दिवशी प्रत्येक चिठ्ठी वाचावी. जात, आडनाव, गाव, रंग, शरीर, बोली, धर्म, अपंगत्व यांवरची चिठ्ठी फाडावी आणि उरलेली ज्याच्यावर आहे त्याला आधी दाखवावी. स्टेजवर 'चालेल ना रे?' विचारणं ही संमती नव्हे, तिथे नाही म्हणता येत नाही. एवढी मेहनत होणार नसेल तर फिशपॉन्ड बंद करा. लोक चिडतील, चिडू द्या. स्किटमध्ये मोडकं हिंदी बोलणारा नेपाळी राखणदार, तोंडाला काळं फासून पानांचा घागरा नेसलेला 'आदिवासी' आणि मालवणी किंवा संगमेश्वरी बोलतो म्हणून कायम नोकर असलेला गडी ही तीन पात्रं ठरलेली असतात. संहिता आठ दिवस आधी मागवा आणि पात्राचं हसू कशावर उभं आहे एवढंच बघा.

तुमचं मंडळ निसर्गाचं आहे, म्हणून शिबिर आणि क्षेत्रभेटी यांवर जास्त लिहितो. मुक्काम ठरवण्याआधी गावात फोन करून सरळ विचारा: राहायच्या जागेत सगळ्या जातिधर्मांची मुलंमुली राहू शकतील ना? स्वयंपाकघरात कोणालाही जाता येईल ना? पाणी कुठून भरायचं? पाळीच्या दिवसांत मुलींना जागा सोडावी लागेल का? देवळाची धर्मशाळा किंवा सभामंडप फुकट मिळतो म्हणून मंडळं तिकडे धावतात आणि रात्री नऊ वाजता कळतं की दोन मुलींनी बाहेर झोपायचं आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर जिल्हा परिषदेची शाळा मागा. त्यासाठी मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत दोघांनाही लेखी पत्र द्या.

कामाच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. 'ज्याला जे जमेल ते' म्हटलं की मुली भाकऱ्यांना, ठरावीक मुलं संडास धुवायला आणि उरलेले कॅमेरे घेऊन डोंगरावर. शाकाहारी आणि मासे खाणारे यांची भांडी वेगळी ठेवली तर हरकत नाही, पंगत मात्र एकच.

वनस्पतींची, खेकड्यांची, रानभाज्यांची माहिती तुम्हाला बहुतेक वेळा कातकरी किंवा ठाकर वाटाड्याकडून मिळते आणि अहवालात 'स्थानिकांच्या मते' एवढंच उरतं. त्यांची परवानगी असेल तर नाव लिहा. मानधन शहरातून बोलावलेल्या व्याख्यात्याइतकंच द्या, आणि त्याच दिवशी. जैविक विविधता कायदा 2002 चा आहे आणि गावाची जैवविविधता नोंदवही त्याखाली होते. तुमच्या याद्या त्या गावाच्या समितीला परत द्या, नुसत्या कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लावू नका. आणि नमुना कुठे मिळाला हे लिहिताना जातीच्या नावाची वाडी लिहायची गरज नाही. अशी वस्तीनावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला आहे. अक्षांश-रेखांश जास्त नेमकेही असतात.

तक्रारीचं कलम लिहिताना मंडळाने आपली मर्यादा आधी लिहावी. इथे गावकीची सवय आडवी येते. काहीही झालं की चार जणांनी बसून मिटवायचं, दोघांनी हात मिळवायचे आणि बाहेर बोलायचं नाही. टोमणा, वगळणं, कामाच्या वाटपातला अन्याय अशा गोष्टी मंडळ सोडवू शकतं. दोन दिवसांत पोच, पंधरा दिवसांत निर्णय, तक्रार ज्याच्यावर आहे तो त्या बैठकीत बसणार नाही, एवढं पुरे.

लैंगिक छळाची तक्रार मंडळाने हाताळायची नाही. ती महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे जाते आणि 2013 च्या कायद्यानुसार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. 'आधी आम्ही बोलून बघतो' यात हे महिने निघून जातात. रॅगिंग असेल तर राज्याचा 1999 चा कायदा आहे आणि 1800-180-5522 ही राष्ट्रीय हेल्पलाइन. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातीवरून चारचौघांत शिवीगाळ, धमकी, मारहाण झाली तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. त्याचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी करतो. हेल्पलाइन 14566. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. एखाद्या सभासदाचं कुटुंब गावाने वाळीत टाकलं असेल, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा 2016 चा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगड-रत्नागिरीत हे प्रकार नवे नाहीत, आणि त्या घरातला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गप्प गप्प दिसते याचं कारण कधी कधी हेच असतं. महाविद्यालयातल्या जातिभेदाच्या तक्रारींसाठी यूजीसीने 2012 साली विनियम आणले. नियम बदलत राहतात, म्हणून आज लागू असलेली प्रत आणि संबंधित अधिकाऱ्याचं नाव कार्यालयातून लेखी मागून फलकावर लावा.

या सगळ्यांत मंडळाचं काम एकच: तक्रारदाराला हवं असेल तर सोबत जाणं आणि नोंद नीट ठेवणं. तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, हजर कोण होतं. 'जातिवाचक अपशब्द वापरले' अशी सभ्य नोंद पुढे कुणाच्या कामाची नाही. मोबाइलवरचा संदेश असेल तर स्क्रीनशॉट घ्याच, पण मूळ संदेश पुसू नका.

जबाबदारी कोणाकडे द्यायची? मंडळातल्या एकुलत्या एका बौद्ध मुलीला 'सामाजिक न्याय प्रमुख' करून बाकीचे मोकळे होतात, हा हमखास फसणारा प्रकार. ती वर्षभर तक्रारी ऐकते, निर्णय मात्र अध्यक्ष-सचिव घेतात. बांधिलकीचा जबाब सचिवाने द्यावा, मग तो कोणीही असो. वंचित घरांतून आलेले सभासद खजिनदार, सहलप्रमुख, संपादक व्हावेत, यासाठी उमेदवारीची सूचना दोन आठवडे आधी फलकावर लावा. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर टाकलेली सूचना नेहमीच्याच टोळक्याला मिळते.

शेवटी, वर्षभराचं एक ठोस काम घ्या. माझी शिफारस जातीच्या दाखल्याची मदत. दाखल्यासाठी त्या त्या तारखेआधीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कातकरी घरात आजोबांच्या शाळेचा दाखला कुठून असणार? मग नातलगांपैकी कोणी शाळेत गेलं होतं का ते शोधायचं, त्या शाळेचं जुनं रजिस्टर आणि तहसीलमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी बघायच्या, वंशावळ लिहायची, प्रतिज्ञापत्र करायचं, सेवा केंद्रात अर्ज भरायचा आणि कागद अपुरे पडले तर प्रांत कार्यालयाकडे स्थानिक चौकशीची विनंती करायची. दोन विद्यार्थ्यांनी एक घर घेतलं तरी तीन-चार महिने सहज जातात. वर्षाला पाच घरं धरा, पन्नास लिहू नका.

आढावा वर्षातून दोनदा: दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि मार्चमध्ये. मार्चसाठी 20 किंवा 21 तारीख धरा. 20 महाडची आणि 21 जागतिक वंशभेद निर्मूलन दिनाची, 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला झालेल्या गोळीबाराच्या स्मरणातली. त्या दिवशी भाषणं कमी ठेवा आणि एक पान वाचा: काय म्हटलं होतं, काय झालं, काय झालं नाही, किती खर्च आला.

जूनमध्ये तिसऱ्या वर्षाची मुलं निघून जातात आणि निम्म्या बांधिलक्या तिथेच संपतात. म्हणून निकालाआधीच नव्या सचिवाला फाइल द्या: घटना, ठरावांची इतिवृत्तं, हिशेब, फोन केलेल्या गावांची उत्तरं, अर्धवट राहिलेल्या दाखल्यांची यादी. तक्रारींची फाइल मात्र नव्या कार्यकारिणीकडे जात नाही. ती शिक्षकाकडे कुलपात राहते आणि पुढे जातात ते फक्त आकडे: किती आल्या, किती दिवसांत निकाली निघाल्या, किती बाकी.